उभ्याचं सामान

बसलेल्या माणसानं उभ्या माणसाचं सामान मांडीवर घ्यायचं असतं, हा एकच कायदा आमचे मिस्त्री मानत. बाकीचे कायदे त्यांनी सरकारवर सोपवले होते. गारगोटीहून कोल्हापूरला येणाऱ्या सकाळच्या गाडीत हा कायदा कुणाला शिकवावा लागत नाही. तुम्ही दांडीला लोंबकळत असता, खालून एक हात येतो, तुमच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतो, आणि हाताचा मालक पुन्हा खिडकीबाहेरचा ऊस बघायला लागतो. आभार मानायचे नसतात. मानलेच तर तो, हे कुठलं पुण्याचं पावणं, अशा नजरेनं तुमच्याकडे बघतो.

इथवर कुणाचीच हरकत नव्हती. पण मिस्त्रींनी हाच कायदा दक्षिण कोरियातल्या सेऊल शहरात लागू केला, आणि तो लागू होत असताना त्यांच्या शेजारी उभं राहण्याचं भाग्य माझ्या वाट्याला आलं.

आमची कंपनी शिरोली एमआयडीसीत. लोखंडाचे सुटे भाग ओतायचं काम. मी तिथं इंजिनिअर, म्हणजे बिघडलेल्या मालावर लाल खूण करणारा. ते साच्यांचे मिस्त्री, म्हणजे माल बिघडू न देणारे. साहजिकच पद माझं मोठं होतं. मालकांनी सेऊलबाहेरच्या एका कारखान्यातून साचे करायचं मशिन घ्यायचं ठरवलं आणि ते शिकायला आम्हा दोघांना सहा आठवड्यांसाठी धाडलं. कागद वाचायला मी आणि काम करायला मिस्त्री, अशी वाटणी होती, म्हणजे नेहमीचीच. शेवटच्या दिवशी चाचणी. आम्ही आमच्या हातानं साचे करून दाखवायचे, तिथल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञानं पास म्हणून सही करायची, मग मशिन शिरोलीला येणार आणि नव्या विभागाचा मॅनेजर मी होणार. निघताना मालकांनी केबिनमध्ये बोलावून मला बजावलं, "तिकडनं एक जरी तक्रार आली तर मशिन ऱ्हाऊ दे, तूपण तिकडंच ऱ्हा. आणि मिस्त्रींस्नी संभाळ."

सांभाळायचं म्हणजे काय, ते मला पहिल्याच सकाळी कळलं.

आमची खोली शहराच्या एका टोकाला आणि कारखाना दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे. मेट्रोनं जाताना दीड तास, येताना दीड तास, मध्ये एकदा गाडी बदलायची. सकाळची गर्दी अशी, की खिशात हात घातला तर तो आपल्याच खिशात गेला याची खात्री नसे. आणि एवढ्या गर्दीत एक शब्द नाही. अंगाला अंग लावून उभी असलेली इतकी माणसं इतकी गप्प मी त्याआधी एकाच ठिकाणी पाहिली होती, मालक 'कुणाला काही अडचण आहे का' असं विचारतात त्या बैठकीत. मला हे फार आवडलं. मी काळा कोट घेतला, काळी सॅक घेतली, कानात इअरफोनची बोंडं घातली आणि नजर मोबाइलमध्ये घातली. चार दिवसांत मी कोरियन झालो. कोरियन लोकांचं यावर काय मत होतं ते समजलं नाही, कारण ते बोलतच नसत.

मिस्त्री मात्र डोक्याला तपकिरी माकडटोपी, अंगात कंपनीचं खाकी जाकीट, गळ्यात दोन्ही कंपन्यांची ओळखपत्रं आणि हातात कापडी पिशवीतला स्टीलचा डबा अशा थाटात डब्यात शिरत आणि मोठ्यानं म्हणत, "काय मंडळी!" मंडळी दचकत. एखादा म्हातारा मान लववी. झालं, मिस्त्रींना तेवढं पुरे. "बगा, वळख निघाली," असं मला सांगून ते कामाला लागत.

काम म्हणजे जागा मिळवणं. त्यांना रोज बसायला जागा मिळे आणि मला सहा आठवड्यांत एकदाही मिळाली नाही, यावरून आमच्या शिक्षणातला फरक ध्यानात यावा. मी माणसांचे चेहरे बघत होतो. मिस्त्री पाय बघत. "टाचा बगायच्या, साहेब," त्यांनी मला समजावलं. "उतरणारा मानूस आधी टाचा उचलतोय. तोंडावरनं काय कळत न्हाय, तोंडं सगळी झोपलीत." मग ते बरोबर त्या टाचांसमोर जाऊन उभे राहत आणि पुढच्या स्टेशनावर आरामात बसत. सरकून घ्या म्हणायचीही त्यांना सवय होती. सात जणांच्या बाकावर आठवा बसतो ही गोष्ट सेऊलला मिस्त्रींनीच दाखवून दिली असावी. आजूबाजूचे सात इतके चकित होत, की विरोध करायचं विसरून जात.

गरोदर बायकांसाठी राखून ठेवलेली एक गुलाबी सीट असते. गर्दी कितीही असो, ती बहुतेक वेळा मोकळीच दिसे. मिस्त्रींना याचं फार नवल वाटलं. "आपल्याकडं राखीव सीटवर ज्येच्यासाठी राखलीया तेवढा मानूस सोडून सगळी बसत्यात," ते म्हणाले. "आणि हितं कुणीच बसंना. जागा वाया चालली की ओ!" मग एकदा त्यांनी तिथं आपला डबा ठेवला. डबा गरोदर नाही, हे मला त्यांना खालच्या आवाजात सांगावं लागलं.

त्यांना स्टेशनांची नावं वाचता येत नव्हती. मलाही येत नव्हती, पण माझ्याकडे मोबाइल होता, त्यामुळे मी सुशिक्षित ठरत होतो. मिस्त्रींनी दरवाजे मोजले. गाडीचे दरवाजे कुठल्या स्टेशनावर डावीकडे उघडतात आणि कुठल्या उजवीकडे, हे त्यांनी दोन दिवसांत पाठ केलं. "नऊ डावी, एक उजवं, की कावळा नाका आला." गाडी बदलायच्या स्टेशनाला त्यांनी कोल्हापुरातल्या कावळा नाक्याचं नाव दिलं होतं. पुढं अकरा उजवी, की शिरोली. माझ्या मोबाइलनं आम्हाला दोनदा भलत्याच दिशेला नेलं. मिस्त्रींचे दरवाजे कधी चुकले नाहीत.

आता सामानाची गोष्ट. पहिल्या दिवशी त्यांनी एका ऑफिसवाल्याची बॅग धरली. त्यानं ओढली. मिस्त्रींना वाटलं, भिडस्त माणूस आहे, म्हणून त्यांनी आणखी जोरानं ओढली. मी मध्ये पडलो, दोन भाषांत माफी मागितली आणि मिस्त्रींना झापलं.

"मामा, इथं असं करत नाहीत."

"का?"

"चोर समजतील तुम्हाला!"

"चोर बॅग घिऊन पळतोय, का मांडीवर ठिवून म्होरं बसतोय?"

मुद्दा बरोबर होता, म्हणून मी रागावलो. मिस्त्री माझ्या रागाला भीत नसत. बिघडलेल्या मालावर मी लाल खूण करायचो तेव्हाही ते माझ्याकडे असेच, काय बापडा रंगवत बसलाय, अशा नजरेनं बघत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका शाळकरी मुलीचं दप्तर घेतलं. ती तोंडावर हात धरून हसली, पण तिनं दिलं. मग एक दिवस एका बाईची जाळीची पिशवी घेतली आणि पिशवीतून कुत्र्यानं डोकं वर काढलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मिस्त्री आणि कुत्रं एकमेकांकडे शांतपणे बघत होते. बाई उतरायच्या स्टेशनापर्यंत मिस्त्रींनी पिशवी हलू दिली नाही. "कोअर धरल्यासारखी धरलीती," ते नंतर म्हणाले. कोअर म्हणजे साच्याच्या पोटात बसवायचा वाळूचा ठोकळा. धक्का लागला की फुटतो. त्यांच्या तोंडी यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

मी मात्र रोज थोडा थोडा लांब सरकत होतो. आधी त्यांच्या शेजारी उभा राहायचो, मग एक माणूस सोडून, मग दोन. महिन्याभरात मी दाराशी पोचलो. तिथून मिस्त्रींनी हाक मारली, की कानातल्या बोंडांमुळे मला ऐकू येत नसे. बोंडांत गाणं वगैरे काही चालू नव्हतं.

कारखान्यात वेगळाच प्रकार होता. तिथला म्हातारा तंत्रज्ञ माझ्या वहीतल्या आकड्यांकडे बघतसुद्धा नसे. तो साच्याच्या वाळूची मूठ मिस्त्रींपुढे धरी. मिस्त्री ती घेत, आवळत, मोडत, मोडलेली कड डोळ्यापाशी नेत आणि मान हलवत. पाणी कमी, पाणी जास्त. दोघांच्यात एका शब्दाची ओळख नव्हती, आणि दिवसभर दोघं गप्पा मारत. दुभाषा म्हणून तिथली इंग्रजी बोलणारी एक बाई नेमलेली होती. ती आणि मी एका बाजूला उभे राहून एकमेकांशी सफाईदार इंग्रजीत हवामानाबद्दल बोलत असू.

चाचणीचा दिवस आला. दहा वाजता सुरू करायचं होतं. मी घाईत होतो, म्हणून मधली स्टेशनं सोडून पळणारी जलद गाडी पकडायचं ठरवलं. मिस्त्री कुरकुरले. "साहेब, ह्येच्यात माझं दरवाजं चुकत्यात."

"मी आहे ना," मी म्हणालो.

मिस्त्रींना टाचा सापडल्या, ते बसले. त्यांच्यासमोर सूट घातलेला एक तरुण उभ्या उभ्याच झोपला होता. त्याच्या हातातली चामडी बॅग बोटांतून निसटत चालली होती. ती पडली असती तर शेजारी बसलेल्या एका म्हातारीच्या पायावर पडली असती. मिस्त्रींनी ती अलगद काढून घेतली आणि मांडीवरच्या डब्यावर ठेवली. मी दाराशी होतो. मला दिसत होतं, पण मी बघत नव्हतो.

दोन मिनिटांनी तरुण जागा झाला. हात रिकामा. त्यानं खाली बघितलं, माकडटोपी बघितली, तिच्या मांडीवर आपली बॅग बघितली आणि ओरडला. सहा आठवड्यांत त्या डब्यात कुणी ओरडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मिस्त्री हसून बॅग पुढे करत होते, "घ्या की, पावणं, घ्या की," आणि तो ती हिसकावून आणखी ओरडत होता. जिथं मुंगीला जागा नव्हती तिथं मिस्त्रींभोवती हातभर मोकळं रिंगण झालं. कुणीतरी फोन लावला. पुढच्या स्टेशनावर दोन कर्मचारी आत आले. त्यांनी मिस्त्रींना उठवलं. मग त्यातल्या एकाची नजर डब्यात फिरली आणि माझ्यावर थांबली. काळा कोट घालून मी कितीही कोरियन झालो असलो तरी चेहरा कोल्हापूरचाच राहिला होता. त्यानं मला इंग्रजीत विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का?

घड्याळात नऊ वाजून गेले होते. डोळ्यासमोर मालक होते, तक्रार होती, मॅनेजरची केबिन होती.

"नो," मी म्हणालो. इतकं स्वच्छ इंग्रजी मी त्या सहा आठवड्यांत बोललो नव्हतो.

मिस्त्रींना घेऊन ते उतरले. मागोमाग तो तरुण उतरला, आणखी दोघं-तिघं उतरली. दार बंद झालं. काचेतून मला मिस्त्री दिसले. डब्याची पिशवी पोटाशी धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात हलवला. तुम्ही व्हा म्होरं, असा.

मी झालो म्होरं.

दहाला पाच कमी असताना मी कारखान्यात हजर होतो, कोट नीट, वही हातात. म्हाताऱ्या तंत्रज्ञानं माझ्या मागे बघितलं. मग ओठावर दोन बोटं ठेवून मिशी दाखवली आणि भुवया उडवल्या. मिशीवाले कुठायत? "आजारी आहेत," मी दुभाषा बाईला सांगितलं. म्हाताऱ्यानं वाळूची मूठ भरून माझ्यापुढे धरली. मी ती घेतली, आवळली. वाळूसारखी वाटली. मी वहीतला आकडा सांगितला. त्यानं मूठ परत घेतली, मशिनचा खटका बंद केला आणि स्टूल ओढून बसून राहिला. अकरा वाजले. साडेअकरा झाले. मला प्रमोशन गेल्याचं वाईट वाटत होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मिस्त्री कुठं असतील याची भीती त्यानंतर वाटायला लागली. जलद गाडीमुळे त्यांचे दरवाजे चुकले होते, भाषा येत नव्हती, फोनवर नुसतं उचलायचं बटण माहीत होतं, आणि मी सहा फोन केले ते उचलले गेले नव्हते. मी दारापासून मशिनपर्यंत येरझाऱ्या घालायला लागलो. ते काम मला वाळूपेक्षा बरं जमलं.

बाराला दार उघडलं. आधी चाकांची एक पिशवी आत आली, तिच्यामागून ऊनटोपी घातलेली कुरळ्या केसांची म्हातारी, आणि तिच्यामागून मिस्त्री. मिस्त्रींचा डबा म्हातारीच्या हातात होता.

दुभाषा बाईनं म्हातारीचं बोलणं आम्हाला सांगितलं. ती त्याच डब्यात होती, जिच्या पायावर बॅग पडणार होती तीच. स्टेशनावर ती मुद्दाम मागोमाग उतरली होती आणि तिनं त्या तरुणाला सर्वांसमोर फैलावर घेतलं होतं. ती शाळेत असताना सेऊलच्या बसमध्ये हेच चाले. बसलेली माणसं उभ्या पोरांची दप्तरं मांडीवर घेत. एकेका बाईच्या मांडीवर हनुवटीपर्यंत दप्तरांची चळत लागे. मग ते कधी बंद झालं, तिला आठवत नाही. "हा माणूस चोर नाही, हा आमच्या वेळचा आहे," असं तिनं स्टेशनमास्तरला सांगितलं. मास्तरानं मिस्त्रींना सोडून दिलं, पण मिस्त्री पाट्या वाचू शकत नाहीत हे बघून म्हातारीनं त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचा पत्ता वाचला आणि आपलं दिवसभराचं काम टाकून दोन गाड्या बदलत त्यांना इथवर आणलं. दुसऱ्या गाडीत तिला जागा मिळाली. डबा तिनं मांडीवर घेतला.

मग ती बोलायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मग तिनं बोट करून काहीतरी विचारलं. दुभाषा बाई अडखळली.

"त्या विचारताहेत, गाडीत दाराशी तुम्हीच होतात का? हे तुमचे कोण?"

म्हातारा तंत्रज्ञ स्टुलावरून उठला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी वहीचं पान उलटलं. मिस्त्रींना प्रश्न कळायचं कारण नव्हतं, पण बोट कळलं. ते पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हातारीला ठणठणीत कोल्हापुरीत म्हणाले, "व्हय व्हय, आमचं साहेब! आमचंच हाईत!"

मला अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि पुन्हा वाटू नये.

चाचणी पास झाली. मिस्त्रींनी मूठ आवळली, मोडली, मान हलवली आणि मशिन सुरू झालं. मशिन शिरोलीला आलं, केबिन मला मिळाली. दारावर पाटी लागली. मिस्त्रींनी परत येऊन चहाच्या टपरीवर सेऊलची गोष्ट शंभरदा तरी सांगितली असेल. तीत कुत्रं होतं, गुलाबी सीट होती, म्हातारी होती. गाडीतनं आपल्याला उतरवलं तिथं ते दर वेळी म्हणत, "मग मी साहेबांस्नी म्हटलं, तुम्ही व्हा म्होरं, चाचणी महत्त्वाची." ऐकणारे माझ्याकडे कौतुकानं बघत. मी चहात बघत असे.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. हार, नारळ, शाल झाली. सत्काराचं भाषण मी केलं. निष्ठा हा शब्द त्यात चार वेळा आला. मालकांनी घरी सोडायला गाडी देऊ केली, तर मिस्त्री नको म्हणाले. "गाडीत बसून काय बगायचं? डायवरची पाठ?" ते नेहमीप्रमाणे सिटी बसनं निघाले. मी माझी गाडी कंपनीतच ठेवली आणि त्यांच्याबरोबर बसमध्ये चढलो. कित्येक वर्षांनी.

बस खच्चून भरलेली. मिस्त्रींनी टाचा बघितल्या आणि दोन मिनिटांत बसले. मी दांडी धरून उभा. खालून हात आला. "आणा हिकडं," म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावरची लॅपटॉपची बॅग ओढून घेतली आणि नारळावर ठेवली.

पंचगंगेचा पूल आला तेव्हा मी वाकून म्हणालो, "मामा, त्या दिवशी मेट्रोत... मी तुम्हाला ओळखत नाही म्हणून सांगितलं होतं."

"ठाऊक हाय की," मिस्त्री म्हणाले. "नो म्हंजी न्हाय, एवढं इंग्लिश येतंय मला."

"मग कुणाला बोलला का नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काय बापडा रंगवत बसलाय, तीच नजर.

"तुम्ही हुबा हुतासा, मी बसलोतो," ते म्हणाले. "आता काय त्येचं."

त्यांचा स्टॉप आला. ते उठले, जागेवर मला बसवलं, बॅग माझ्या हातात दिली आणि शाल-नारळ सावरत दाराकडे सरकले. उतरता उतरता मागे वळून सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडले, "ओ साहेब! त्या मावशींची पिशवी घ्या की! का नुसतं बसलाईसा?"

माझ्याशेजारी एक मावशी उभी होती. मी हात पुढे केला. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि मागच्या बाईशी सुनेबद्दल बोलत राहिली. पिशवीत मेथीच्या जुड्या होत्या, नुकत्याच धुतलेल्या. मॅनेजरची इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. मी पिशवी हलू दिली नाही.